मेधाची करवत

"मेधा मैडम का घर यही है?"

फाटकाशी उभ्या असलेल्या माणसानं भास्करला विचारलं. घर तेच होतं. फाटकावर पितळी पाटी होती, पाटीवर भास्करचं नाव होतं, आणि ती पाटी तो दर दिवाळीला चिंच लावून स्वतः घासायचा. देवासच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळेजण ह्या घराला 'गानेवाले साहब का मकान' म्हणत. सिंचन खात्यातली नोकरी संपली तसं त्यातलं 'साहब' पातळ झालं होतं, पण 'गानेवाले' शाबूत होतं. "हां, यही है. कहां साइन करना है?" म्हणत त्यानं हात पुढे केला. "साइन नहीं अंकल, ओटीपी. मैडम के मोबाइल पे आया होगा." तेवढ्यात मागच्या अंगणातून मेधा आली, ओले हात पदराला पुसत, धावत. धावत आली हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. गुडघे धरतात म्हणून टेकडीवर देवीला जायचं टाळणारी, तो बाहेरगावच्या कार्यक्रमाहून परतला तरी आतूनच "आलात का?" म्हणणारी त्याची बायको एका लाकडी खोक्यासाठी धावली होती.

खोकं खंबायतहून आलं होतं. ते उचलून आत त्यानंच आणलं, कारण ते जड होतं आणि उचलण्यापुरती त्याची गरज होती. खिळे मात्र तिनं स्वतः उपटले, एकेक, वाकू न देता, आणि वाटीत जमा केले. आतून निघालेलं यंत्र पाहून तो म्हणाला, "एवढंसंच?" शिवणयंत्राएवढी निळी पेटी, तिच्यात बशीएवढी पातळ पात उभी, पातीच्या खाली पाण्याची परात. पातीला दात नव्हते. कडेला हिऱ्याची बारीक कणी बसवलेली होती, तीच दगड खाते म्हणे. दगड कापायची करवत. "पहिली अशीच घेतात," मेधा म्हणाली. बंद पातीच्या कडेवरून ती सावकाश बोट फिरवत होती, लहान मुलाचं कपाळ चाचपावं तसं. 'घेतात.' त्या एका शब्दापाशी भास्कर अडकला. कोण घेतात? कुठल्या लोकांत पहिली अशी घ्यायची आणि दुसरी तशी, असा रिवाज असतो, आणि त्या लोकांत ही कधी जाऊन बसली? लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तिच्या तोंडी जे जे अनेकवचन होतं ते सगळं त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे असं करतात, धारला तसं म्हणतात, शाळेत असं चालतं. त्या घेतात-करतात-म्हणतातच्या घरांतून तो पाहुण्यासारखा का होईना, हिंडून आला होता. हे घर नवीन होतं आणि त्याचा दरवाजा त्याला दिसत नव्हता.

सुरुवात मागच्या हिवाळ्यात झाली होती, धारला, मेधाच्या थोरल्या भावाच्या, शरच्चंद्रच्या मुलाच्या लग्नात. पंगत उठली होती, मंडपात खुर्च्यांची कोंडाळी करून लोक बसले होते, आणि जयसिंगराव नावाचा एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "मेधा, तुझे ते दगड काय झाले गं?" जयसिंगराव म्हणजे मेधाच्या माहेरचे जुने शेजारी. त्यांचे पणजोबा धारच्या पवार राजांच्या पागेवर होते, त्यांचं स्वतःचं मोटारपंपांचं दुकान होतं. ती नुसती 'मेधा', ताई नाही, वहिनी नाही, भास्करच्या कानाला खड्यासारखी लागली; तो स्वतः तिला चारचौघांत काय, घरातही 'अगं'च्या पलीकडे कधी हाक मारत नसे. "भास्करराव, तुम्हाला माहिती आहे ना? हिचे वडील ओव्हरसिअर. जीप घेऊन राजगढ, टांडा, बाग अशी गावं फिरत. ही मागे बसायची आणि संध्याकाळी फ्रॉकचा ओचा भरून दगड. आमच्या ओट्यावर ओतायची. हिच्या आईनं लग्नाच्या गडबडीत सगळे विहिरीच्या कठड्यामागे फेकले. दोन दिवस रडत होती, भिया, ही, लोकांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते!" सगळे हसले. मेधाही हसली. भास्करही हसला, "माहिती आहे की," म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. तिच्या पाठवणीचं रडणं त्याला चांगलं आठवत होतं. जीपमध्ये शेजारी बसून त्यानं तिला आपला घडी केलेला रुमाल दिला होता, आणि त्या रुमालाची आठवण त्यानं इतकी वर्षं आपल्या चांगुलपणाच्या खात्यात जपून ठेवली होती. आता ते रडणं त्याच्या हातून काढून घेतलं गेलं. ती कुणासाठी रडत होती, तर विहिरीमागच्या दगडांसाठी. त्याच दुपारी जयसिंगराव तिला आपल्या घरी घेऊन गेले, धुण्याच्या यंत्राच्या मोटारीवर त्यांनी स्वतः बसवलेली करवत दाखवली, आणि परतताना तिच्या हातात अकीक दगडाची एक चकती होती, पापडासारखी पातळ, आत दुधाळ आणि विटकरी पट्टे. देवासपर्यंत ती चकती तिनं गाडीच्या खिडकीशी धरून ठेवली. घाटाबिल्लोदच्या पुढे त्यानं विचारलं, "काय दिसतंय त्यात?" "काही नाही," ती म्हणाली. "आतलं."

मग दर पंधरवड्याला धार सुरू झालं. शाळेतून ती मुदतीआधीच निवृत्त झाली होती, वल्लरी, त्यांची मुलगी, पुण्यात संसाराला लागली होती, कुणाची आडकाठी नव्हती. त्यानंही केली नाही. उलट "जा की, मन रमतं तुझं," असं तो म्हणाला, आणि म्हणताना आपण उदार आहोत असं त्याला वाटलं. कधी जयसिंगराव, त्यांची सून आणि मेधा असे बागपर्यंत जात, नाल्यांच्या कोरड्या पात्रांतून हिंडत, आणि ती उन्हानं काळवंडून, पिशवीच्या वजनानं एका अंगाला झुकून परत येई. स्वैपाकघराच्या खिडकीत, जिथे पूर्वी लिंबाच्या लोणच्याची बरणी असायची, तिथे मोठ्या पेरूएवढा एक दगड येऊन बसला. बाहेरून खडबडीत, हिरवट-तपकिरी, बागच्या नाल्यातला, तिला स्वतःला सापडलेला पहिला. करवत आल्यावर तिनं बाकीचे दगड एकेक करून कापायला घेतले, तो एक तेवढा ठेवला. "हा का नाही?" त्यानं एकदा विचारलं. "अजून नाही," ती म्हणाली, आणि भांडी घासता घासता तिनं त्या दगडाकडे असं पाहिलं की भास्करनं नजर वळवली. दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्यासारखं झालं.

करवत मागच्या न्हाणीत बसली, कारण तिला पाणी लागे आणि राखाडी गाळ वाहून जायला मोरी लागे. मेधानं नियम आपणहून घातला होता: त्याचा रियाज होईपर्यंत ती यंत्र लावणार नाही. सकाळी तो तंबोऱ्याचं यंत्र सुरू करून आपल्या खोलीत बसे, दार लोटलेलं, आणि घर पूर्वीसारखंच चवड्यांवर चालत असे. तक्रारीला जागाच नव्हती. पण गाताना आता त्याला दाराबाहेरचं कुणीतरी वाट पाहणं ऐकू यायचं. ती घाई करत नव्हती, भांडंसुद्धा वाजवत नव्हती, तरी तो विलंबित आवरता घ्यायचा आणि मग स्वतःवर चिडायचा. त्याचं संपलं की न्हाणीचं दार लागे आणि पात फिरू लागे. नुसती फिरताना तिचा सूर त्याच्या काळी दोनच्या षड्जाहून जेमतेम चढा होता, इतका थोडा की कान त्याला ओढून खाली आणायची धडपड करत राही; दगड लागला की सूर दबे, घोगरा होई, आणि अकीक संपून स्फटिक लागले की एकदम मोकळा, किणकिणता. जेवताना, पेपर वाचताना, फिरायला गेल्यावर टेकडीच्या पायथ्याशी भजनाचे कर्णे चालू असतानाही त्याच्या डोक्यात तो सूर चालू असे. सगळ्यांत वाईट म्हणजे तिचा चेहरा. दोन तासांनी ती बाहेर येई, केसांवर, भुवयांवर राखाडी शिंतोडे, बोटं पाण्यानं सुरकुतलेली, आणि तोंडावर एक अशी निवांत, रिकामी चमक की भास्करला ती चमक ओळखीची वाटे आणि कुठली ते आठवत नसे. एके दिवशी आठवली. त्याची स्वतःची होती ती. विशी-पंचविशीत, उज्जैनला गुरुजींच्या घरून तालीम घेऊन बसनं परतताना काळ्या खिडकीच्या काचेत त्यानं पाहिलेली. ती कधी गेली हे त्याला सांगता आलं नसतं. गाणं राहिलं होतं, मान राहिला होता, गणपतीत आणि कोजागरीला बोलावणं राहिलं होतं.

महाराष्ट्र समाजाच्या चैत्रातल्या कार्यक्रमात तो गायला. बरा गायला, असं त्याला वाटलं. कार्यक्रम संपल्यावर माणसं पुढे यायला लागली आणि तो सवयीनं उठून उभा राहिला, चेहऱ्यावर ते नेहमीचं, संकोचाचं हसू आणून. पहिली बाई त्याच्या बाजूनं निघून गेली. "वहिनी, आणलेत का दगड? आमचा धीरज म्हणत होता तुमच्या घरी म्हणे इंद्रधनुष्यासारखे आहेत!" मेधानं पिशवीतून चकत्या काढल्या. ती त्या घेऊन आली होती, हे त्याला माहीत नव्हतं. तबल्याच्या शेजारी, सतरंजीवर, लोक उकिडवे बसले, चकत्या दिव्यापुढे धरू लागले, "क्या बात है", "अरे हे बघा, हे तर बादल आहेत" म्हणू लागले. क्या बात है. तीन शब्द. आयुष्यभर ते त्याच्या मालकीचे होते. तबलजीनंही तबल्यावर कापड टाकून एक चकती हातात घेतली. भास्कर तोंडभर हसत उभा राहिला, "अहो, आमचं घर म्हणजे आता खाण झालंय खाण," असं म्हणाला, लोक हसले. घरी परतताना रिक्षात मेधा म्हणाली, "लोकांना आवडले, नाही?" "हो तर," तो म्हणाला. "जयसिंगरावांना सांगायला हवं," ती म्हणाली.

मग त्यानं सगळं ओझं जयसिंगरावांवर नेऊन टाकलं. ते सोपं होतं. विधुर माणूस, एकेरी हाक मारणारा, तिच्या फ्रॉकच्या दिवसांचा साक्षीदार. मनातल्या मनात भास्करनं त्यांची एक खोली उभी केली, तिच्यात दोन खुर्च्या मांडल्या, मेधाला हसवलं, त्यांना तिच्या हातातला दगड घेताना बोटं लागू दिली. त्या खोलीत तो रात्रंदिवस बसू लागला. त्रास व्हायचा, पण त्या त्रासाला चव होती. साठीच्या आसपास आपल्याला असं काही वाटू शकतं याचा एक लाजिरवाणा अभिमानही होता. एका सकाळी, मेधाचा जायचा वार नसताना, तो "इंदूरला एकाकडे जाऊन येतो" म्हणून निघाला आणि इंदूरला बस बदलून धारला उतरला.

जयसिंगराव बनियनवर होते. छातीत कफ वाजत होता, बनियनवर गाळाचे शिंतोडे वाळलेले. "अरे, भास्करराव! या या. अकेले? मेधा नाही आली?" त्यांनी खुर्चीवरचे पंपाचे सुटे भाग काढून जमिनीवर ठेवले. खुर्ची एकच होती. सुनेनं चहा आणला. भास्कर चहूकडे पाहत होता, पुरावा शोधत. कोपऱ्यात घरगुती करवत, डबे, दगड, भिंतीवर मोटारपंपाचं कॅलेंडर. "मेधा इथे कुठे बसते?" त्यानं विचारलं, जमेल तितक्या सहजपणे. जयसिंगरावांनी एका पालथ्या घमेल्याकडे बोट केलं. "तिथे. काय सांगू तुम्हाला, येते, बसते, आणि दोन-दोन घंटे एक लफ्ज बोलत नाही. मी बोलतो, माझी सून बोलते, तिचं लक्षच नसतं. चहा तर दर वेळी ठंडा होतो. मला वाटलं होतं जुन्या गोष्टी करू, तिच्या वडिलांच्या, आमच्या गल्लीच्या... मी पण एकटाच असतो ना. पण नाही. तिला फक्त कापायचं असतं." ते खोकले. मग हसले, पण त्या हसण्यात दुखावलेलं काहीतरी होतं, आणि ते भास्करला नको इतकं चटकन कळलं. "घरी तरी बोलते का?" त्यांनी विचारलं. भास्कर म्हणाला, "बोलते की." "तुमचं नशीब," जयसिंगराव म्हणाले. "तो बागचा दगड कापला का तिनं?" "नाही. का कापत नाही?" "ते तिलाच विचारा," म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "येत जा. तुम्ही आलात तर जरा बोलणं तरी होतं."

परतीच्या बसमध्ये त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं झालं. मधे कुणी माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याच्याहून मोठं होता आलं असतं, निदान त्याचा तिरस्कार करता आला असता. तो ढेपाळलेला, बनियनमधला माणूस तर त्याच्याच बाजूला, त्याच दाराबाहेर उभा होता. आत कुणीच नव्हतं. आत मेधा एकटी होती आणि तिला कुणी नको होतं. खिडकीबाहेर कापून झालेली गव्हाची शेतं, पेटवलेल्या खुंटांचा काळा, गोडसर वास. त्याला वाटलं, हिला मी कधी असं एकटं पाहिलेलं नाही. ही माझ्याजवळ असायची तेव्हा, वाट पाहायची तेव्हा, मी गात असताना बाहेर बसून गवार मोडायची तेव्हा, ही कुठे असायची?

रात्रीच्या जेवणाला त्यानं विचारून टाकलं. म्हणजे विचारायचं होतं दुसरंच, पण तोंडून निघालं, "समाजात परवा माझा मारवा कसा झाला, तू काही बोलली नाहीस." मेधा वाढत होती. तिनं आमटीची पळी पातेल्यात ठेवली, जरा विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, हे त्याचंच सर्टिफिकेट. "खरं सांगू? मी ऐकलं नाही हो. म्हणजे बसले होते समोर. पण ऐकायची सवय कधी सुटली ते कळलंच नाही. चालू असतं ते." मग त्याचा चेहरा पाहून घाईनं म्हणाली, "वाईट नव्हे. घड्याळाची टिकटिक आपण कुठे ऐकतो? बंद पडलं तर कळेल." तिनं त्याला समजूत म्हणून हे सांगितलं होतं. त्यानं भात कालवला, खाल्ला, ताकही प्यायलं.

दुसऱ्या दिवशी टोंकखुर्दला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मेधा हिरवी साडी नेसून, ओटीचं सामान घेऊन गेली. भास्कर रियाजाला बसला, तंबोऱ्याचं यंत्र लावलं, आणि बराच वेळ त्याचं नुसतं गुणगुणणं ऐकत राहिला. मग उठला, स्वैपाकघरात गेला आणि खिडकीतला तो दगड उचलला. अपेक्षेहून जड होता. ओट्यावरच्या उन्हानं एका बाजूनं उबदार, दुसऱ्या बाजूनं गार. आपण काय करणार आहोत हे त्यानं मनात शब्दांत येऊ दिलं नाही. न्हाणीत त्यानं परातीत पाणी भरलं, तिचा चष्मा डोळ्यांवर चढवला, तो तंग होत होता, आणि बटण दाबलं.

पातीला दगड टेकला तेव्हा आधी नुसती थरथर आली, मनगटातून कोपरात, कोपरातून दातांत. दगड वळू पाहत होता. त्यानं घट्ट धरला. दुधट राखाडी पाणी उडून बोटांवर, शर्टावर, ओठांवर येऊ लागलं; त्याला एक जुनाट, विहिरीसारखी चव होती. फार जोर दिला की पात कण्हायची, सैल सोडला की घसरायची. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा होती जिथे दगड आपणहून आत जात होता, आणि ती जागा सापडली तेव्हा भास्करच्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. श्वास आपोआप लांबला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. पात लहान, दगड मोठा, म्हणून एका बाजूनं मध्यापर्यंत नेऊन तो फिरवावा लागला, आणि फिरवून धरताना रेघ जराशी चुकली. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही. सूर खाली उतरला, अर्ध्या सुराहूनही थोडा कमी, आणि तिथे स्थिर राहिला. तो ऐकत होता, नुसता ऐकत होता, त्यात मारवा नव्हता, समाज नव्हता, मेधा नव्हती, तिच्यावर उगवायचा सूडही नव्हता. मग एक कोरडा टणत्कार झाला, आणि दोन तुकडे त्याच्या दोन हातांत आले.

आत काही नव्हतं. पट्टे नव्हते, स्फटिक नव्हते, पोकळी नव्हती. एकसलग, मुका राखाडी रंग, पाटीच्या दगडासारखा, आणि मधोमध, जिथे दोन रेघा जुळल्या नव्हत्या, तिथे त्याच्या हातून राहिलेली एक ओबडधोबड पायरी. त्यानं तुकडे नळाखाली धरले, पुसले, पुन्हा ओले केले. यंत्र बंद करून तो न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. तुकडे लपवता आले असते. पडला, फुटला, म्हणता आलं असतं. पण रेघ करवतीची होती, आणि खोटं बोलायला लागणारी ताकद आत्ताच कुठेतरी खर्च झाली होती.

ती उन्हं कलताना आली. गजऱ्याचा वास आधी आला, मग ओटीतला नारळ ओट्यावर ठेवल्याचा आवाज, मग शांतता. खिडकी रिकामी दिसली असणार. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली, हिरव्या साडीत, कपाळावर कुणीतरी लावलेलं ठसठशीत कुंकू. "मी कापला," भास्कर म्हणाला. त्यानं पुढचंही जुळवून ठेवलं होतं. ती ओरडली तर काय, रडली तर काय, गप्प राहिली तर काय. ती ओरडावी असं त्याला फार वाटत होतं. "परातीत पाणी होतं ना?" तिनं विचारलं. "होतं." "हात बघू." त्यानं हात पुढे केले, तिनं पाहिल्यासारखं केलं, पण नजर तुकड्यांवर होती. तिनं ते उचलले. उजेडाकडे नेले. अंगठ्यानं त्या पायरीवरून, त्याच्या चुकीवरून, दोनदा चाचपलं. मग साडीची पर्वा न करता ती ओल्या फरशीवरच्या पालथ्या बादलीवर बसली.

"जयसिंगराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते," ती म्हणाली. "हातात घेऊन म्हणाले, भरीव आहे, आत काही निघायचं नाही. मलाही वजनावरून कळलं होतं."

"मग ठेवला होतास कशाला?"

"काही नसणार हे माहीत होतं. पाहिलेलं नव्हतं ना." तिनं दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. "म्हणजे आधी तुम्ही पाहिलंत."

तिनं मान वर केली आणि भास्करनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. राग असता तर तो ओळखू आला असता, तीस वर्षांच्या सवयीनं. हे वेगळं होतं. खालचा ओठ किंचित आत ओढलेला, नजर त्याच्या हातांवर खिळलेली, त्या हातांना काय लागलं असेल ते चोरून मोजणारी. महिनोन् महिने हाच चेहरा तो आपल्या कातडीच्या आतून वागवत होता. बाहेरून त्यानं तो आज पहिल्यांदा पाहिला, आणि तो किती केविलवाणा दिसतो हे पाहून त्याला लाज वाटली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटेना.

"मध्यावर आल्यावर आवाज बदलला?" तिनं विचारलं.

"उतरला. अर्ध्या सुराहून जरा कमी. मग तिथेच राहिला."

"आणि हाताला?"

क्षणभर त्याला वाटलं, सांगावं की आत काहीतरी चमकलं होतं, पाण्याबरोबर वाहून गेलं. तिला ते आयुष्यभर छळत राहिलं असतं, किंवा पुरलं असतं, दोन्ही शक्य होतं. "हाताला आधी विरोध होता," तो म्हणाला. "मग एक जागा सापडली. मग मी... मला काही आठवत नाही मग. मला बरं वाटलं, मेधा."

आपण तिला नावानं हाक मारली हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं की नाही ते तिनं दाखवलं नाही. "का कापलात?" ती म्हणाली, अगदी हळू, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"हेवा वाटला." तो शब्द त्यानं मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. तोंडातून बाहेर आला तेव्हा फार लहान निघाला.

मेधानं मान हलवली. कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाही. तिनं गजरा काढून यंत्राच्या निळ्या झाकणावर ठेवला, एक तुकडा आपल्या मांडीवर घेतला, दुसरा त्याच्या हातात दिला. "मला आत्ता वाटतोय," ती म्हणाली, "तुमचा. फार वाटतोय." तिचा आवाज ओला झाला आणि तिनं तो तसाच राहू दिला. मग सरकून तिनं बादलीवर अर्धी जागा केली. बादली दोघांना पुरण्यासारखी नव्हती. भास्कर बसला, तोल सांभाळायला एक पाय मोरीत टेकवून, आणि ती म्हणाली, "सांगा आता. पात लागली तिथपासून. काही गाळू नका, आणि काही घालूही नका."